गाठ मारलेलं लव्हाळं

आमच्या थोरल्या आत्याला सगळी वस्ती पाणबुडी म्हणते. चाळीस वर्षं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लव्हाळं कापायचं आणि घरी येऊन त्याच्या चटया विणायच्या, हा तिचा धंदा. पायाची बोटं कायम सुरकुतलेली, आणि जिभेला विळ्यापेक्षा जास्त धार.

पाणथळ वाचवायचा आराखडा ठरवायला शाळेच्या खोलीत बैठक बसली, तेव्हा ती मागच्या भिंतीला टेकून होती. आराखडा करणाऱ्या बाई तशा भल्या. वस्तीला विचारल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही म्हणायच्या. पण नकाशा मात्र घरूनच काढून आणलेला. उत्तरेचं अख्खं लव्हाळं त्यात लाल रेघेच्या आत. तिथं पक्ष्यांची वीण होते, म्हणून यापुढे कुणी विळा न्यायचा नाही.

उत्तरेच्या लव्हाळ्यावर आत्याचं आणि आणखी तीसेक घरांचं पोट. दक्षिणेचं ठिसूळ, विणताना मोडतं.

"बाई, घरटी किती मोजलीत?" आत्यानं विचारलं.

"काठावरून दुर्बिणीनं अकरा दिसली."

"अकरा तर माझ्या एकटीच्या पट्ट्यात आहेत."

"अक्का, त्या शिकलेल्या आहेत," माझे वडील हळूच म्हणाले.

"मग मोजता यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बाईंना होडीत बसवलं आणि वडिलांना वल्ह्याला जुंपलं. आत गेल्यावर जागोजागी चार-पाच काड्यांचे शेंडे एकत्र बांधून गाठ मारलेली दिसायला लागली. आत्यानं एका गाठीखालचं लव्हाळं बाजूला सारलं. खाली पाणकोंबडीचं घरटं, सहा अंडी.

आमच्यात रीतच आहे. घरटं दिसलं की वर गाठ मारायची आणि भोवती दहा हात सोडून कापायचं. मागून येणाऱ्यानं गाठ बघून वळसा घ्यायचा. दुपारपर्यंत बाईंनी त्र्याण्णव गाठी मोजल्या. मग आत्यानं त्यांना दोघा भावांच्या भांडणापायी तीन वर्षं न कापलेल्या तुकड्यात नेलं. लव्हाळं आडवं पडून कुजलेलं, खाली पाणी दिसेना. बाई स्वतः उतरल्या, मांडीपर्यंत चिखलात रुतल्या, पण एक घरटं सापडलं नाही.

पुन्हा बैठक बसली. "मला पटलंय," बाई म्हणाल्या. "पण वरचे साहेब विचारतील, गाठ मोडणाऱ्याला धरणार कोण? आजवर कुणाला धरलंय का?"

सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी आत्याकडे बघेना.

"मला धरलंय," आत्या उभी राहिली. "लग्नाला दुसरं वर्ष. घाईत गाठ दिसली नाही, चार अंडी विळ्याखाली गेली. सासूनं अख्खा हंगाम विळा काढून घेतला. रोज यायचं, काठावर बसायचं आणि दुसऱ्यांचे भारे वाहायचे. नवरा मध्ये बोलायला गेला, तर त्यालाही माझ्या शेजारी बसवला."

म्हातारे पोट धरून हसले. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाल रेघेवर कोरा कागद चिकटवला आणि लिहायला घेतलं. उत्तरेच्या लव्हाळ्याचे तीन वाटे. दरसाल दोन कापायचे, एकाला विसावा. गाठीभोवती दहा हात. गाठ मोडली तर एक हंगाम काठावर.

"सगळ्यांना हीच शिक्षा?" बाईंनी आत्याला विचारलं.

"सगळ्यांना. तुमचे साहेब कापायला आले, तर त्यांनाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं. 'देखरेख कोणाची' या रकान्यात काय भरायचं, हे त्यांनी विचारलंच नाही. आत्याचं नाव घातलं.

आराखडा मंजूर होऊन सहा वर्षं झाली. यंदा गाठी एकशे सत्तरच्या वर गेल्या. आमच्या घराण्यात सरकारी कागदावर इतक्या मानानं नाव चढलेली ती पहिलीच, आणि तेही शिक्षा भोगलेली म्हणून.