शुक्रवारचे बुवा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत नववीच्या वर्गावर होतो. फोन महारुद्रप्पांचा होता. महारुद्रप्पा म्हणजे लातूरला मामांच्या शेजारचे किराणा दुकानदार, जातीनं लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि मामांच्या ख्रिस्ती कीर्तनात जन्मभर तबल्याची साथ. ते म्हणाले, "तुझे मामा गेले रे. दुकानातच. मशिनीवर डोकं टेकलं ते टेकलंच... तू येताना पेटी घिऊन ये." मला रागच आला. घरात माणूस गेलंय आणि ह्यांना पेटी सुचतेय! पण घरी जाऊन कपडे पिशवीत कोंबले आणि पेटीही उचलली. लोहा, अहमदपूर करत एसटी निघाली. पेटी मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "भजन हाय का कुठं?" मी हाव म्हणालो आणि खिडकीकडे तोंड केलं.

शमुवेलमामा धंद्यानं शिंपी. गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. पाळकांचे पांढरे झगे शिवायचे तसे लिंगायत नवरदेवांचे कोटही शिवायचे, आणि दोघांनाही सारखंच ताटकळत ठेवायचे. पण लातूरपासून मुखेडपर्यंत ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लोक त्यांना ओळखायचे ते कीर्तनकार म्हणून. पांढरा झब्बा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की पुष्कळांच्या भुवया वर जातात. जाऊ द्यात. मामांचं कीर्तन ऐकलेला माणूस पुन्हा तो प्रश्न विचारत नसे. आवाज खडा, बोलणं आपल्या बाजूचं, आणि स्वभाव असा की समोर कुणी पुडी फाडली तर अभंग अर्ध्यात तोडून म्हणायचे, "तुझं चघळून होऊ दे, मंग मी लागतो." मी त्यांच्या बहिणीचा मुलगा, पेटीला बसणारा. माझा हात जरा घसरला की भर मंडळीत सुनवायचे, "पेटीवाल्या, भात्यात हवा हाय का झोप?" तरी मी जन्मभर त्यांच्या मागेच बसलो. दुसऱ्या कुणामागे बसून मन लागलंच नसतं.

ईस्टरचं कीर्तन हे त्यांचं खरं कीर्तन. एरवी कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. मामांनी ती चाल आपल्या सोयीनं मोडून घेतली होती. "आमचं आख्यानच दोन दिवसांचं हाय, शुक्रवार अन् रविवार," असं ते म्हणायचे. म्हणून पूर्वरंगात वधस्तंभ आणि कबर, मग हार, चहा, थोडा विसावा, आणि उत्तररंगात पुनरुत्थान. पहाटे सुगंधद्रव्यं घेऊन कबरेकडे निघालेल्या बायका, वाटेत त्यांची कुजबुज की तेवढा मोठा धोंडा आपल्याला कोण लोटून देणार... इथं मामा बायकांच्या चालीनं दोन पावलं टाकायचे आणि अख्खी मंडळी हसायची. हसता हसता धोंडा सरकलेला असायचा. म्हाताऱ्याकोताऱ्या टाळ्या वाजवायच्या. लहानपणी मला वाटायचं, धोंडा मामाच सरकवतात.

मग करुणा गेली. मामांची एकुलती एक लेक, दहावीत होती. पावसाळ्यातला ताप. आधी साधाच म्हणाले, मग डोक्यात गेला म्हणाले. नांदेडला आणेपर्यंत ती माणसं ओळखेनाशी झाली होती. लातूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला माती दिली. महारुद्रप्पा मामांचा दंड धरून उभे होते. "आमचंबी असंच हाय, बुवा. मातीलाच द्यायचं," एवढंच ते बोलले. समाचाराला येणारे मात्र फार बोलले. कुणी म्हणालं, देवाला फूल आवडलं म्हणून त्यानं तोडलं. मामांनी मान वर केली. "कामून? त्याच्या बागेत कमी पडली व्हती का फुलं?" पुन्हा कुणी ते वाक्य त्या घरात बोललं नाही. मामींनी तर बोलणंच सोडलं.

पुढच्या ईस्टरला मामा कीर्तनाला उभे राहिले. लोकांना बरं वाटलं. पूर्वरंग असा झाला की मला पेटीवरच्या पट्ट्या दिसेनात. योसेफ नावाच्या एका शिष्यानं वधस्तंभावरून शरीर मागून घेतलं, तागाच्या कापडात गुंडाळलं, कबरेत ठेवलं. "धोंडा लावला. मोहर केली. पहारा बसवला." मामांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "आज एवढंच." उत्तररंग झालाच नाही. पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून प्रार्थना घेतली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. मग मंडळ्यांनी त्यांना रविवारी बोलावणं बंद केलं. रविवारी सणाला कोण अर्धं कीर्तन ऐकणार? उत्तम शुक्रवारला, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र सगळीकडून बोलावणी यायची, कारण शुक्रवारी कबरेपर्यंतच जायचं असतं. लोक त्यांना शुक्रवारचे बुवा म्हणू लागले. काहीजण आपुलकीनं, काहीजण तोंड वाकडं करून. बुवांचा विश्वास थंडावला असंही बोललं गेलं.

एकदा दुकानात मी त्यांना विचारलंच, मामा, पुढचं का सांगत नाही? त्यांनी मशीन थांबवलं. "मेला, हे मला ठाव हाय. पुरला, हेबी ठाव हाय, मी सोता पुरून आलोय. तेवढं सांगतो. पुढचं मला दिसलं न्हाई. न बघितलेलं लोकाच्या गळ्यात कसं घालू?" त्या दिवसापासून मला त्यांचा आदर दुप्पट वाटू लागला. कीर्तनकाराला काय, चाल पाठ असते, शब्द पाठ असतात, मन नसलं तरी गळा काम करतो. लोकही खूश, हारही मिळतो. मामांनी तो सोपा रस्ता धरला नाही. जे आपलं नाही ते आपलं म्हणून गायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्याच काळात मुलींचे फ्रॉक शिवायलाही ते घेत नव्हते. "लहान्या मापाला हात चालत न्हाई माझा," म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचे. आणि मामी कीर्तनाला येत नव्हत्या. शुक्रवारीसुद्धा नाही. त्या घरात रविवार पुन्हा कधी येईल का, हीच काळजी मला आणि महारुद्रप्पांना होती. एकमेकांशी बोलायचो नाही, पण होती.

मग मुखेडकडच्या एका खेड्यातला तो शुक्रवार. पत्र्याचं छोटं चर्च, समोर मांडव, ऊन उतरल्यावरही जमीन तापलेली. अशा गावात कीर्तन म्हटलं की सगळं गाव येतं, ख्रिस्ती घरं चार-दोनच असली तरी. शेतकऱ्यांच्या बायका मागं पदर सावरून बसल्या होत्या. मामांनी वधस्तंभाखाली रडणाऱ्या आईपासून कबरेपर्यंत आणलं. धोंडा लावला, मोहर केली, पहारा बसवला. चिपळ्या खाली ठेवल्या. मंडळीनं सवयीनं माना खाली घातल्या. तेवढ्यात मागच्या बायकांतून एक बाई उभी राहिली.

"महाराज, मंग? त्या माउलीला तिचं पोरगं भेटलं का न्हाई?"

कुणीतरी तिचा पदर ओढला. "बस गं. रविवारी सांगतेत पाद्रीसाहेब."

"रविवारी मी कुठं इथं हाय? सकाळच्या गाडीनं हदगावला माघारी चालले. आत्ताच सांगा की."

तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, मामांच्याही नाही. आपल्या माणसांत वाढलेल्या कीर्तनकाराची ही चूक. त्याला वाटतं शेवट सगळ्यांना पाठ आहे, आज सोडला तर काय बिघडतं? इथं एक बाई होती जिच्यापुरती ती कबर कायमची बंद होणार होती. नंतर तिच्या बहिणीनं सांगितलं, पोळ्याला बैल धुताना तिचा मुलगा तळ्यात बुडाला होता. त्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. मामांनाही नव्हतं. पण ते तिच्याकडे बघत राहिले... माझे हात पेटीवर तसेच. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. भला माणूस.

"भेटलं, बाई," मामा म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "भेटलं."

त्यांनी वाकून चिपळ्या उचलल्या. महारुद्रप्पांनी वाट बघितली नाही, सरळ ठेका धरला, आणि मी धडपडत सूर लावला. मामांनी जुना उत्तररंग गायला नाही. बायका, धोंडा, ती दोन पावलं, सगळं पटकन मागं टाकलं. त्यांनी आई सांगितली. शुक्रवारपासून डोळ्याला डोळा न लागलेली आई घरात बसली आहे. दाराला कडी लावलेली नाही. कोण यायचंय, पण कडी लावायला हात उठत नाही. उजाडता उजाडता उंबऱ्यात कुणीतरी उभं राहतं. हाताला खिळ्यांचे वण आहेत. आणि तो काय म्हणतो? "आई, भूक लागली."

मांडवात एकदम हुंदका फुटला. एकीचा नव्हे, पुष्कळींचा. ती बाई उभीच होती. नुसती मान हलवत होती, हाव, हाव.

नंतर चहाच्या वेळी पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बुवा, तो आईला भेटल्याचं शास्त्रात लिहिलेलं नाही हं." मामा म्हणाले, "लिवलं नसंल, साहेब. पण आईला न भेटता जाईल का त्यो?" साहेब हसले. "पुढच्या वर्षी रविवारी या," म्हणाले, "दोन्ही रंग करा."

परतताना जीपमध्ये महारुद्रप्पांनी विचारलं, "बुवा, खरं सांगा. तुमाला पटलं का, का बाईसाठी बोललात?" मामा बाहेर बघत म्हणाले, "बाईसाठीच बोललो. तिला सांगून राहिलो होतो... अन् माझ्याच कानावर पडलं."

पुनरुत्थानावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. चांगले, अभ्यासाचे. पण मेलेला माणूस जिवंत होताना मी पाहिला तो त्या जीपमध्ये, रेक्झिन फाटलेल्या सीटवर. दुःख गेलं असं नाही. करुणाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा तसाच व्हायचा. पण माणूस पुन्हा चालू लागला. मुलींचे फ्रॉक शिवायला घेऊ लागले, झालरी लावून, आणि वेळेवर द्यायला अर्थातच विसरू लागले. ईस्टरच्या आधी दफनभूमीत सगळ्यांच्या कबरींना चुना द्यायला जातीनं जायचे, ज्यांचं मागं कुणी नाही त्यांच्याही. आणि दर ईस्टरला रविवारी दोन्ही रंग करायचे. फक्त मामी आल्या नाहीत. मामा निघताना म्हणायचे, "चल की." मामी म्हणायच्या, "तुमचं तुमाला ऐकू आलं. मला आलं की येईन." मामांनी कधी ओढलं नाही, रागावलेही नाहीत. आपलं उपरणं झटकायचे आणि निघायचे. उगाच तोंड सोडणारा हा माणूस त्या एका बाबतीत किती जपून वागला, ते मला आज कळतं.

करुणाच्या शेजारीच मामांना माती दिली. प्रार्थना झाली, माणसं पांगण्याच्या बेतात होती. महारुद्रप्पा तबला घेऊन आले होते, गुडघे धरत खाली बसले. तेव्हा मला कळलं पेटी कशाला मागवली ते. मी मामींना विचारलं, थोडं कीर्तन करू का? मामी म्हणाल्या, "कर. पण पूर्वरंग नको. तेवढा आमी दोघांनी रोज केलाय घरात. पुढचं सांग."

मी पेटीवाला. उभं राहून बोलायची सवय नाही. बेसूरच झालं असणार. आई सांगितली, उघडं दार सांगितलं, उंबऱ्यातला लेक सांगितला. "आई, भूक लागली" म्हटलं आणि तिथंच थांबलो. महारुद्रप्पांचा ठेका तेवढा हळूहळू चालू होता.

मामी ओल्या मातीजवळ बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "मंग? काय दिलं तिनं खायाला?"

हे मामांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "भाकर असंल, मामी."

"भाकर नसंल," मामी म्हणाल्या. "एवढ्या दिसानं आलेल्या लेकराला कोरडी भाकर कोण देतं? चकोल्या केल्या असतील. करुणाबी गावाला जाऊन आली की आधी चकोल्या मागायची." मग मातीवर हात ठेवून, अगदी रोजच्या आवाजात, "आता ती ह्यांना वाढीत असंल," म्हणाल्या.

आमच्याकडे माती झाली की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारपाजार पिठलं-भाकर आणून देतो. महारुद्रप्पांच्या घरून डबा आलेलाच होता. घरी परतल्यावर मामी हातपाय धुऊन आत गेल्या. कुणीतरी म्हणालं, अहो, आज न्हाई पेटवत. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गॅस पेटल्याचा आवाज आला. वरणाला लसणाची फोडणी बसली, मग कणकेच्या चकोल्या एकेक करून उकळीत पडू लागल्या. आम्ही बाहेरच्या खोलीत एकमेकांकडे बघत बसलो. थोड्या वेळानं मामींनी आतून हाक मारली, "या सगळेजण. गरम हायत तवर खाऊन घ्या." आणि आम्ही उठून आत गेलो.