बुढीमायचं नाक आणि वहिनीची खिरापत

"एका डब्यात चार खिरापती कशा मावल्या गा? हे घर आहे का जत्रा आहे?"

समोरच्या घरची बुढीमाय आमच्या अंगणात, भुलाबाईच्या मखरापुढे उभी राहून ओरडत होती. हातांत पत्र्याचा डबा, पदर कमरेला खोचलेला. त्या आवाजानं मखराची ज्वारीची धांडं थरथरली, गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, आणि पार सावनेरच्या बाजारात लोकांनी म्हणे वर पाहिलं, ढग कुठे गरजला म्हणून. कोजागिरीची संध्याकाळ होती, ढगाचा ठिपका नव्हता.

ज्यांच्याकडे भुलाबाई बसत नाही, त्यांच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावातल्या आम्ही साऱ्या पोरी संध्याकाळी घरोघर, मखरात बसवलेल्या मातीच्या भुलाबाईपुढे, गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की घरधनीण झाकलेला डबा समोर ठेवायची. आत काय खायचं आहे ते हलवून, वाजवून, हुंगून ओळखायचं. तीनदा चुकलं की हरलं. खिरापत कोणालाच ओळखू न येणं ही घराची इज्जत.

आणि आमच्या गल्लीत ही इज्जत बुढीमायच्या नाकावर टांगलेली असायची. ती डबा हातातही घेत नसे. तिकडून येता येताच सांगायची, "चिवडा आहे, अन् शेंगदाणे जरा जळले." आमच्याकडे फोडणी पडली की ती तिच्या ओसरीवरून ओरडायची, "हिंग कमी पडला वं!" त्या बाईनं नाक मुरडलं तर सोयरिकी मोडायच्या. मी तर ऐकलंय की एकदा गावातली हरवलेली म्हैस तिनं वासावरून तिसऱ्या गावात शोधली. खोटं असेल, पण म्हैस सापडली हे खरं.

तर त्या वर्षी आमच्या घरात नवी वहिनी होती. चुलतभावाची, आमच्या दादाची बायको. उमरेडची, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरची. लग्न वैशाखात झालं. आषाढात माहेरी जायची, तर नदीनं रस्ता धरला. पोळ्याला जायची, तर मोठ्या बाबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, ताप भरला. जाणं असं पुढे पुढे सरकत गेलं. सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला की तिचा हात भाकरीच्या पिठात तसाच थांबायचा. मग पुन्हा थापटणं सुरू.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ उमरेडहून न्यायला आला. येताना तळ्यातल्या शिंगाड्यांचं एक बोचकं घेऊन आला. वहिनीनं ते चुलीमागे ठेवून दिलं. घरभर तिच्या जाण्याचीच चर्चा असल्यामुळे बोचक्याकडे कोणी पाहिलंच नाही.

आता खरी अडचण अशी, की तिला सोडायला घरात कोणीच तयार नव्हतं. ती येण्याआधी आमच्या घरचा चहा औषधासारखा नाक दाबून प्यावा लागे. दादा सणासुदीला आंघोळ करायचा, तो आता रोज करून भांग पाडू लागला. आणि मोठे बाबा एकदा तिच्या एका बोलण्यावर हसले. मोठे बाबा हसले! शेजारचे लोक बघायला आले होते.

पण "नको जाऊ" म्हणायचं कोणी? मोठी आई म्हणजे तिची सासू, माझी चुलती. तिच्या तोंडून मायेचा शब्द काढायला पहार लागायची. तिनं वेगळीच वाट काढली.

"उद्याची खिरापत तू कर वं," ती वहिनीला म्हणाली. "बुढीमायले ओळखता नाही आली, तर परवा सकाळच्या मोटारीनं जाय भावासंगं. ओळखली, तर वेचणी झाल्यावर."

शेतात कापूस फुटायला लागला होता, वेचणी म्हणजे पार थंडी येईतो. भावाचं तोंड उतरलं. वहिनी फक्त म्हणाली, "बरं, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार आतून बंद. आम्ही बाहेर घिरट्या घालत होतो. दुपारी वहिनी जराशी बाहेर आली. दादाच्या कानात काही बोलली. मोठ्या बाबांना मुरमुरे आणायला पाठवलं. मोठ्या आईकडून करंजीचा साचा मागून घेतला. मला म्हणाली, "कोणाले सांगू नको हं, खोबऱ्याची वडी करून राहिली." माझ्यावरच एवढा विश्वास टाकल्यामुळे मी वीतभर उंच झाले.

संध्याकाळी गाणी झाली. अंगण बायकापोरींनी भरलं, पुरुष ओसरीवर. वहिनीनं डबा बुढीमायपुढे ठेवला. बुढीमाय आज हसतच आली होती, जिंकून आल्यासारखी. डबा हलवला. आवाज नाही. कानाशी नेला, तरी नाही. हुंगला, तर नुसता कापसाचा वास.

"तिळाचे लाडू," ती ऐटीत म्हणाली.

"नाही," वहिनी म्हणाली.

बुढीमायनं ओसरीवरच्या दादाकडे असं पाहिलं, की त्यानं भांग विस्कटून घेतला.

"मंग मुरमुऱ्याचा चिवडा."

"नाही."

मोठे बाबा एकदम खांबाचा रंग तपासू लागले.

"करंजी! करंजीच आहे!"

"नाही, आजी."

आणि मग मोठ्या बाबांच्या दिशेनं तो आवाज फुटला, ज्यानं गाय उठली. "एका डब्यात चार खिरापती कशा मावल्या गा? हा तुमचा पोरगा दुपारी येऊन सांगते लाडू! त्याच्या मांगं तुम्ही, एवढे मोठे मानूस, तंबाखू मांगाच्या बहाण्यानं येता अन् चिवडा सांगता! ही पोरगी खोबरं, खोबरं करत माह्या ओसरीवर नाचून गेली!" (मी सांगितलं नव्हतं. मी फक्त खोबऱ्याचा वास आल्यासारखं केलं होतं.) "अन् तू वं?" ती मोठ्या आईकडे वळली. "पैज लावणारी तू, अन् मांगच्या दारानं येऊन करंजी सांगणारीबी तूच? मी माह्या नाकानं ओळखलं असतं! तुम्ही साऱ्यायनं मिळून माहं नाक बिघडवलं!"

मोठ्या आईला मी जन्मात पहिल्यांदा पदरानं तोंड झाकताना पाहिलं.

वहिनीनं डब्याचं झाकण काढलं. वर ठासून भरलेला कापूस, सरकीसकट. त्याच्या आत फडकं, अशा गाठीनं बांधलेलं की दादाला दातांनी सोडवावं लागलं. आणि फडक्यात उकडलेले, सोललेले शिंगाडे.

बुढीमायनं एक तोंडात टाकला. चावला. दुसरा घेतला. "मीठ बरोबर आहे," ती गुरगुरली, आणि डबा घेऊन तिथेच बसली. आम्हाला मोजून एकेक शिंगाडा मिळाला, बाकीचे तिनं हरण्याच्या दुःखात संपवले.

सकाळी आम्ही सारे सडकेवर. मोठ्या आईनं वहिनीच्या माहेरासाठी इतकं सामान बांधलं होतं, की त्यात एखादं नवं गाव वसलं असतं. तूर, मूग, संत्र्यांची टोपली, एक जिवंत कोंबडीसुद्धा, तिनं वाटेत दोनदा पळून जायचा प्रयत्न केला. मोठे बाबा सारखे सांगत होते, आज मोटार येतच नाही, ड्रायव्हरच्या पोरीचं लग्न आहे. दादा म्हणाला, नदीला पूर असेल. ऑक्टोबरात. तेवढ्यात वळणावर भोंगा वाजला.

वहिनी चढली. भाऊ कोंबडीसकट चढला. ती खिडकीशी बसली. तिचं तोंड असं उजळलेलं, की आम्हाला धड रडताही येईना.

मोटार हलली तशी मोठी आई तिच्यासोबत धावायला लागली. जन्मात कधी न धावलेली बाई, एका हातानं निऱ्या धरून, दुसऱ्या हातानं मोटारीच्या पत्र्यावर थापा मारत.

"कवा येशील वं? उद्या येशील का परवा?"

वहिनीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दिवाळी झाल्यावर," ती म्हणाली.