शिट्टी माझ्या गळ्यात होती

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ती ठाऊक असलेल्या दोघीच, माझी बायको मृदुला आणि मुलगी ईरा, आणि दोघीही माझ्याच घरात राहतात. त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही — म्हणून तुमच्यापुढे.

आम्ही सिंगापूरला, सेंगकांग भागात राहतो. दर रविवारी मी मरीन परेडला सांबा वाजवायला जातो. सांबा म्हणजे ब्राझीलचं ढोलांवरचं नाचगाणं. पथकात देशोदेशीची मंडळी आहेत. आमची एक रीत आहे — ज्यानं चाल रचली, त्यानं गळ्यात शिट्टी घालून पथक चालवायचं.

चाली मृदुला रचायची. पुण्यात ती ताशा वाजवत असे. इथे ईरा लहान, म्हणून ती घरी. पण पोळ्या करता करता गुणगुणायची, ओट्यावर बोटांनी ठेका धरायची. मी ते फोनवर रेकॉर्ड करून न्यायचो. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, चाल कुणाची? आणि मी — काय सांगू — मी शिट्टी उचलली. घरी आल्यावर ती विचारायची, "आवडली का रे त्यांना?" मी म्हणायचो, "फार!" यात खोटं काय होतं, सांगा?

मग पथकाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आला. दोघींना मीच हौसेनं घेऊन गेलो — शहाणपणा बघा माझा! आणि माइक हातात घेऊन, आमच्यात ज्याची चाल त्याचीच शिट्टी असं ऐटीत सांगून, गोष्ट सांगायला लागलो ब्राझीलच्या एका बाईची, सांबा रचणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी एकीची. बाईची चाल पथक घेणार नाही, म्हणून तिनं आपली गाणी भावाच्या हाती दिली. वाहवा त्याची, आणि ही गर्दीत उभी राहून ऐकणार. खूप वर्षांनी ती स्वतःच्या नावानं गायला उभी राहिली. लोक हळहळले. मीही डोळे पुसले — खरंच पुसले होते!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ईरा तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडली, "बाबा, सेम लाइक आई, लाह! युवर साँग ऑल्सो आई मेक वन!" म्हणजे, तुझं गाणंही आईनंच केलंय!

मृदुला माझ्याकडे बघत होती. रागानं नाही हो — तिला तोवर माहीतच नव्हतं! शिट्टी माझ्या गळ्यात का, हे तिला त्या क्षणी कळत होतं आणि मी समोर उभा राहून बघत होतो. त्या भावाला निदान बहिणीनं स्वतः गाणी दिली होती. मी?

तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. मी हसून म्हणालो, "किड्स, यू नो!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मृदुलानंही वाजवल्या. मग मी शिट्टी फुंकली आणि तिचीच चाल वाजवली. हे मी केलं? मी? अजून विश्वास बसत नाही.

परतताना एमआरटी मेट्रोत ईरानं हळूच विचारलं, "बाबा, आय लाय, आह?" — मी खोटं बोलले का?

मृदुला शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "हो."

ईरानं आईला सॉरी म्हटलं.