कोपरावरचा ठिपका

तर मिशीचा डावा आकडा रंगवून झाला होता आणि मला शिंक येत होती, इथपर्यंत आपण काल आलो होतो. आता शिंक काय, कुणाची परवानगी घेऊन येते? आली. समोर धाकटी होती, म्हणजे माझ्या बहिणीची धाकटी लेक, हातात ब्रश घेऊन. रंग तिच्या कपाळावर, आरशावर आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर.

"मामा," ती म्हणाली, "रंगवायला मिशी आणली होतीत ना? नाकाचं काही बोलला नव्हतात."

अख्खं पार्लर हसलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बायका खुर्च्यांवर डुलायला लागल्या. मिशी रंगवायची होती ती नातीच्या लग्नासाठी; त्या लग्नाचे फोटो बघा कधी. माझ्या नाकावर जी सावली दिसते ना, ती सावली नव्हे!

पण मला सांगायचं होतं ते निराळंच. खुर्चीत बसलो तेव्हा तिनं आधी स्वतःची बाही वर सारली आणि हात दुमडतो तिथली, कोपराच्या आतली जागा मला दाखवली. तिथं पुसट काळा ठिपका होता.

"नवी ट्यूब आहे. परवाच लावून बघितलीय. खाज नाही, काही नाही. बसा निर्धास्त."

"अगं, पण मिशी मला आहे, तुला नाही."

"म्हणून काय झालं? आधी मला चावू दे, मग तुम्हाला."

ही तिची रीत. दुकानात कुणाला ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. गिऱ्हाइकं तर आपसांत सांगायची, हिच्याकडेच बसा, ही स्वतःवर लावून बघते. आणि ऐकताना धाकटीचे कान लाल व्हायचे. लहानपणी शाबासकी मिळाली की असेच व्हायचे.

या रीतीमागे एक गोष्ट आहे. ती काम शिकत होती तेव्हाची. एका शिक्षिकेच्या केसांना तिनं पहिल्यांदा एकटीनं रंग लावला. मानेपासून बटा सोडवत, ब्रशच्या शेपटीनं भांग पाडत, मुळापासून टोकापर्यंत अगदी निगुतीनं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंना त्यांच्या नवऱ्यानं हाताला धरून दुकानाच्या दारात आणलं. चेहरा उशीसारखा फुगलेला, डोळे पार मिटलेले. बाईंनी विचारलं, "मला रंग कुणी लावला होता?" त्यांना दिसत नव्हतं, तरी धाकटीनं शाळेतल्यासारखा हात वर केला. धाकटीला काम शिकवणारी नंतर म्हणाली, होतं गं असं एखादीला. पण धाकटी तेव्हापासून हबकली ती हबकलीच.

आता खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दोन दिवस आधी गिऱ्हाइकाच्या कानामागे थेंब लावून बघा. पण मालकीणबाईंचं म्हणणं साफ होतं. "आलेल्या बाईला 'परवा या' म्हटलं, की ती समोरच्या दुकानात जाऊन बसते. मग आपण काय आरशात आपलीच तोंडं बघायची?" धाकटीनं वाद घातला नाही. वाद तिच्या रक्तातच नाही, माझ्या बहिणीवर गेलीय. तिनं आपला वेगळा रस्ता काढला. गिऱ्हाइकाचा कान नाही तर नाही, आपलं कोपर तर आहे! नवी ट्यूब आली, नवी छटा आली, की एक ठिपका.

अशी वर्षं गेली. आधी तिच्या बोटांची साल निघायला लागली. मग नखांच्या कडेला चिरा पडल्या. हातमोजे घाल म्हटलं तर म्हणायची, कानशिलाजवळचे केस हातमोज्यात कळत नाहीत. घरी भांडी तिचा नवरा, आमचे जावईबापू, घासायला लागले. उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्या घालायची. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काय गं, हातावर कुणाचं नाव गोंदवून घेतलंयस?" ती हसली, पण बाही खालीच ओढली.

शेवटी एका नव्या ट्यूबनं घात केला. सकाळी उठली तर हात खांद्यापर्यंत सुजलेला, ओठ जाड, आवाज बसलेला. जावईबापूंची गाडी माल घेऊन लांब गेलेली, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो.

कातडीचा डॉक्टर तरुण होता, बोलायला शांत. त्यानं तिची बोटं उलटीसुलटी करून बघितली.

"रंगाचं काम करता?"

"हो."

"आजपासून बंद. हातमोजे घालूनही नको. पुढच्या वेळी घसा सुजला तर इथंवर पोचणार नाही तुम्ही."

तिनं मान हलवली. हे तिला बहुतेक आतून कळून चुकलं होतं. मग त्याला कोपराच्या आतले डाग दिसले. एकावर एक, जुन्या टेबलावर कपाचे उमटतात तसे.

"हे काय?"

तिनं सांगितलं. बसलेल्या आवाजात, पण जरा ताठ बसून सांगितलं. मीही छाती काढून बसलो. म्हटलं, बघ बाबा, आमच्या घरची पोर आहे.

डॉक्टर हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"ताई, तुमच्या कातडीला चाललं म्हणजे दुसऱ्याच्या कातडीला चालेल, असं नसतं हो. ज्याची त्याची वेगळी असते. तुमच्या कोपरावरून त्या बायकांचं काहीच कळत नव्हतं."

"काहीच?"

"काहीच. उलट लावून लावून तुमच्याच अंगानं त्या रंगाशी वैर धरलं."

"पण कुणाला काही झालं नाही, डॉक्टर. इतक्या वर्षांत एकीलाही नाही."

"नशीब त्यांचं," तो म्हणाला आणि मलम लिहून द्यायला लागला.

जिना उतरताना ती एका पायरीवर थांबली. मला वाटलं चक्कर आली. कठडा धरून ती एवढंच म्हणाली, "इतक्या बायका, मामा." मी तिच्या हातातली मलमाची चिठ्ठी घेतली आणि एक पायरी पुढं उतरलो.

सूज उतरल्यावर मालकीणबाईंचा निरोप आला. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, रंगाला हात लावू नकोस, काउंटरवर बस, फोन घे, वेळा दे, गोड बोल. बसायला गादीची खुर्ची, डोक्यावर पंखा. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या दिवशी तिला सोडायला मीच गेलो.

आत तिच्या खुर्चीत तिचंच जुनं गिऱ्हाईक बसलेलं, एक निवृत्त नर्सबाई. खांद्यावर टॉवेल. नवी मुलगी वाटीत रंग कालवत होती. धाकटी काउंटरपर्यंत गेलीच नाही.

"यांच्या कानामागे लावून बघितलंय का?"

नवी मुलगी मालकीणबाईंकडे बघायला लागली. नर्सबाई आरशातूनच हसल्या. "अगं, मी काय आज येतेय? तू दर वेळी बघतेसच की लावून. झालं तर मग."

"नाही, बाई," धाकटी म्हणाली. "मी तुमचं कधीच बघितलेलं नाही. मी माझं बघत होते. त्यानं तुमचं काही कळत नाही."

वाटीतला ब्रश थांबला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं हळूच आपल्या डोक्यावरचा टॉवेल चाचपला. नर्सबाईंचं हसू आरशात तसंच राहिलं आणि मग विरलं. टॉवेल काढून त्या उठल्या आणि जाताना धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "मी सगळ्यांना तुझं नाव सांगत होते गं."

मालकीणबाईंनी तिला दाराशी बाजूला घेतलं. आवाज दबका, पण धार तीच. "दुकान चालवायला आलीस की बंद पाडायला? इथं बसायचं तर तोंड मिटून बसायचं. नाहीतर हे दार."

धाकटीनं मागच्या खोलीत जाऊन आपला डबा आणि छत्री घेतली. कंगवे, ब्रश तसेच ठेवले. आम्ही रस्त्याला लागलो. ऊन चढलं होतं आणि ती भराभर चालत होती. मला धाप लागली. घरी जावईबापूंना काय सांगायचं, आता ही कुठं काम शोधणार, दुसरं हिला येतं तरी काय, सगळं डोक्यात घोळत होतं. शेवटी राहवेना.

"अगं, पंख्याखालचं काम होतं," मी म्हटलं. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गप्प तर मी आधीही बसायचे, मामा. पण तेव्हा मला वाटायचं, मी बघितलंय."