भट्टीचे दोन कोट

मास्तरांचं बाहेर प्रकरण आहे, ही कुजबुज सकाळी दुधाच्या रांगेत जन्माला आली आणि दुपारपर्यंत तिने चांगलं बाळसं धरलं. बाई अंगाने भरलेली. किती भरलेली? छातीचं माप एकशेसाठ इंच! हा आकडा बटणांच्या दुकानातल्या बाईंनी पुरवला. मास्तरांनी जाड सुया आणि ओव्हरकोटाची बटणं मागितली, तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढं मोठं माप कोणाचं हो?" तर मास्तर म्हणाले, "आहे एक. उघड्यावर असते बिचारी." आणि लाजले. हे लाजणं बाईंनी पदरचं घातलं असावं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, मशीन घरी आणलं आणि खिडकीशी बसले. बसले ते बसलेच. काकूंनी ताट वाढलं तर जेवत, विसरल्या तर मागत नसत. रेडिओ लावला तरी बसलेले, बंद केला तरी बसलेले. काकूंनी आयुष्यात कशाचा धसका घेतला असेल तर त्या पाठमोऱ्या बसण्याचा.

म्हणून लेकीने फोनवर "बाबा, अंगणात पिझ्झाची भट्टी बांधा ना" म्हटलं आणि मास्तर टेप गळ्यात अडकवून उठले, तेव्हा काकूंना हायसं वाटलं. ते हायसं संध्याकाळपर्यंत टिकलं. मास्तरांनी जागा निवडली ती नेमकी कपड्यांच्या दोऱ्यांची.

"अगं, ऊन तिथेच छान येतं."

"म्हणूनच तिथे दोऱ्या होत्या ना!"

तेव्हापासून धुणं घरात आलं. खुर्च्यांच्या पाठीवर चादरी, दारावर टॉवेल, टीव्हीवर मोजे. बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या कपाळावर सदा एक मोजा लोंबायचा. कपाट उघडलं की कुबट वास. काकूंचा पारा एकदा चढला तो उतरायलाच तयार नव्हता.

मास्तर मात्र खुशीत. आत विटांचा घुमट, त्यावर ऊब धरणारी लोकरीसारखी चटई, त्यावर जाळी, वर सिमेंटचा गिलावा. "कोटच आहे गं हा. आत अस्तर, मध्ये कॅनव्हास, वर कापड." गिलावा ओला होता तोवरच आभाळ भरून यायला लागलं, तशी त्यांनी रस्त्याने चाललेल्या रंगाऱ्याला गाठलं.

"त्यात काय, मास्तर! वरून वॉटरप्रूफचे दोन कोट चढवा. थेंब आत जायचा नाही." एवढं बोलून रंगारी सायकलवर टांग टाकून गेला.

दुसरा कोणी असता तर रंगाचा डबा आणायला गेला असता. मास्तरांनी भट्टीचं माप घेतलं.

मशीन पुन्हा घरघरू लागलं. ताडपत्रीचे दोन कोट, एकावर एक बसणारे.

"कॉलर कशाला?" काकूंनी विचारलं.

"धुराडं कुठून बाहेर काढू?"

"आणि हा खिसा?"

"बिनखिशाचा कोट मी जन्मात शिवलेला नाही."

दोन्ही कोट भट्टीच्या अंगावर असे चपखल बसले, की नवरदेवाला बसू नयेत. पाऊस आला, गेला. मास्तर छत्री घेऊन तिच्यापाशी उभे. "बघ, कोरडी ठणठणीत!"

शेजारीण त्याच दिवशी आली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, धीर धरा. या वयात पुरुषांचं असं होतं. निदान घरात तरी आणली नाही."

"अंगणात आणली आहे," काकू म्हणाल्या. "बघायची का? कोट घालून उभी आहे."

शेजारीण बघून आली आणि चहा न घेता गेली.

लेक-जावई रविवारी यायचे होते. त्याआधी एकदा पेटवून बघू म्हणून मास्तरांनी बटणं सोडली, तर आत भट्टी घामाने निथळत होती आणि पाठीवर हिरवी बुरशी. तरी त्यांनी जाळ केला, तोही लग्नाच्या आचाऱ्यासारखा. फट्‌ करून आवाज झाला, गिलाव्याला भेग गेली आणि एक खपली थेट मास्तरांच्या चपलेवर पडली.

रंगारी आवाज ऐकून कुंपणाशी आला, कोट पाहिले आणि पोट धरून हसला. "अहो, कोट म्हणजे रंगाचा हात! शिवायचा कोट नव्हे!"

मास्तर घरात गेले आणि खिडकीशी बसले, पाठमोरे.

काकूंनी ती पाठ बघितली. दोऱ्या परत मिळवायची याहून नामी संधी नव्हती, एक हातोडा पुरला असता. त्यांनी टीव्हीवरचा मोजा उचलून मास्तरांच्या नाकासमोर धरला.

"हुंगा."

"अगं..."

"हुंगा म्हणते ना! ओलं कापड घडी करून कोंडलं की असं होतं. तुमच्या कृपेने सगळं घर गेले किती दिवस हेच हुंगतंय, आणि तुम्ही ओल्या भट्टीला दोन-दोन कोट घालून बटणं लावता! आधी वाळू द्या की तिला. उठा. अहो, उठा म्हणते!"

मास्तर उठले, मुख्य म्हणजे मोज्याच्या वासाने. मग रोज थोड्या काटक्यांचा मंद जाळ सुरू झाला. भट्टी वाफ सोडू लागली, कोमट राहू लागली. काकूंनी दुसऱ्याच दिवशी तिच्याभोवती दोऱ्या बांधल्या आणि चादरी टाकल्या. तासात कडक! भट्टीची वाफ निघायची थांबली तेव्हा भेग चुन्याने बुजवली, रंगाऱ्याने रंगाचे दोन हात दिले, माथ्याशी वाफेला एक भोक सोडून. शिवलेला एक कोट ठेवला, फक्त पावसात आणि भट्टी गार असताना घालायचा, खालची बटणं न लावता. दुसरा काकूंनी उसवून दोऱ्यांवर छप्पर केलं. खिसा तसाच ठेवला, त्यात चिमटे मावतात.

रविवारी पहिला पिझ्झा कोळसा झाला. दुसऱ्याला साबणाचा वास येतो असं जावई म्हणाला. लेकीने त्याला चिमटा काढला आणि तिसरा मागितला. मास्तर संध्याकाळभर बसले नाहीत.

राहता राहिली ती कुजबुज. दुधाच्या रांगेत कोणीतरी विचारलं होतं, "मास्तर हल्ली दिसत नाहीत?" त्यावर काकू वैतागून म्हणाल्या होत्या, "त्यांची बाहेरवाली आहे ना, तिच्यापाशी असतात." भट्टी घराबाहेर होती, म्हणून बाहेरवाली. दुसरी बाई नव्हती.