तिसरी खेप

लेखापाल बाई आकड्यांशी माणसांशी बोलावं तसं बोलायच्या. पेन्सिलीचं टोक एखाद्या आकड्यावर टेकवून म्हणायच्या, "तू खोटा हायस. कुनी बसवला रं तुला हितं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातात फडकं घेऊन दारातच थांबले. मला वाटलं, मलाच बोलतायत.

बाई भोंगवलीच्या, शेतकऱ्याघरच्या. पालिकेत मोठ्या जागेवर बसल्या तरी बोलणं गावचंच राहिलं होतं. मी हिर्डोशीची. पालिकेत ठेक्यावर झाडूकाम करायचे. पहाटेच्या पहिल्या गाडीनं येऊन बाजारपेठ, मग ऑफिस. मी चौथी शिकलेय हे कळल्यावर बाईंनी मला कामाला लावलं. त्या नवा कागद तपासायच्या आणि मी जुन्या वहीतले आकडे वाचून दाखवायचे. माझा आवाज मुळातच लहान. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बाई ओरडायच्या, "मोठ्यानं वाच की! आपुन चोरून आनलेत का आकडे?" अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ त्या मला समजावून सांगायच्या. "तुला समजलं तर सभेला समजंल. तुला न्हाई समजलं, तर त्यात कुठंतरी लबाडी हाय."

करोनाच्या बंदचं वर्ष सरलं होतं. पालिकेच्या गाळ्यांची अर्धी शटरं अजून खालीच होती. आठवडी बाजार भरत नव्हता, कार्यालयात लग्नं नव्हती, घरपट्टी भरायला कुणी येत नव्हतं. अंदाजपत्रक मात्र तोट्यात दाखवायचं नाही, असा नियम. नगराध्यक्ष बाईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, वसुली जरा वर धरा. कागदावर जुळलं की झालं."

"जुळंल की साहेब. पन पगार कागदावरनं घेऊन जायला सांगू का बायांना?"

साहेब हसले, पण बाई हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी मी वाचायला बसले. रस्तेदिवे झाले, पाणी झालं. पुढची ओळ होती, ठेका सफाई कामगार. जुन्या वहीत चौदा, बाईंच्या कागदावर नऊ. मी थांबले. काढायचं तर मागून आलेल्या आधी जातात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटून तिसरी मी. माझे मालक पुण्याच्या हॉटेलात कामाला होते, ते हॉटेल बंद पडल्यापासून घरीच बसले होते. दोन पोरी शाळेत. घरात येणारा पगार माझा एकटीचाच.

"वाच," बाई म्हणाल्या. त्यांना यादीतला माझा नंबर माहीत होता.

मी वाचलं. "नऊ."

"खोटं लिहून चौदा ठेवता येतील, तारा. मग सहा म्हैने चौदाजनींनाबी पगार न्हाई. म्या लई ठिकानी कापलं, पन पाच बसंनात." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू रोज गावभर फिरतीस. मी हितं खुर्चीत. मला न दिसनारं काय दिसतं का तुला?"

दिसत होतं. घंटागाडी दिवसाला तीन खेपा करायची आणि पालिका खेपेवर पैसे द्यायची. बाजार बंद झाल्यापासून दुपारची तिसरी खेप रिकामी जायची. आम्ही सगळ्या बाया ते बघायचो. पण गाडी ज्या ठेकेदाराची, आम्हीही त्याच्याच हाताखालच्या. त्याला कळलं असतं तर पाच जणींची वाटही न बघता त्यानं मला घरी पाठवलं असतं. तरी मी वही मिटली. "तिसरी खेप," मी म्हणाले, "रिकामी जाती."

बाईंनी ते लिहिलं नाही. "असं ऐकून लिहिलं तर सभेत पयला सवाल, कुनी सांगितलं? गप ऱ्हा तू आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पदर खोचून घंटागाडीत ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, फिरायला निघालाव व्हय?"

"व्हय. पालिकेच्या खर्चानं. बघू तरी कितीला पडतं."

तीन दुपारी बाई त्या गाडीतून फिरल्या. ऑफिसातली माणसं तोंडावर हात ठेवून हसायची. ठेकेदार मात्र तिसऱ्या दिवशी येऊन बाईंच्या खोलीबाहेर उभा राहिला आणि माझ्याकडे टक लावून बघत होता. मी तीच फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

सभेच्या दिवशी पाण्याचे पेले माझ्याकडे होते. एका सदस्यानं विचारलंच, "रिकाम्या खेपेची बातमी कुणी आणली?"

"बातमी कशाला? मी सोता बसून गेले हुते," बाई म्हणाल्या. "मागं एक फुटका क्रेट आन् पुढं मी." सभा हसली. मी पुढचा पेला भरला.

तिसरी खेप बंद झाली. त्यातून तीन जणी वाचल्या, पाच नाही. चौदाच्या बारा झाल्या. मी राहिले. शेवटच्या दोघी गेल्या, त्यातली मंगल माझ्याच गावची, माझ्या शब्दावर कामाला लागलेली. बाईंनी तिला चिठ्ठी पाठवली नाही, तिच्या घरी जाऊन तोंडानं सांगितलं. मंगलनं त्यांना बसा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. त्यांची पिशवी घेऊन मी स्टँडवर गेले. मंगल तिथं भाजी घेऊन बसायची. बाई तिच्यापुढं थांबल्या. "कशी हायस?"

"तुमच्या हिशोबात बसले न्हाई. बाकी बरी हाय."

"खरं हाय तुजं," बाई म्हणाल्या. सबब सांगितली नाही की नजर वळवली नाही. मग गाडी लागली आणि त्या गेल्या.

"लई ताठ बाई," मंगल म्हणाली.

वर्षभर जे बोलायचं टाळलं होतं, ते मी तेव्हा बोलले. तिसऱ्या खेपेचं मीच सांगितलं होतं. नाहीतर पाच गेल्या असत्या, आणि त्यात मीही. मंगल भाजीवर पाणी मारत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी सोताला वाचवलंस."

"व्हय," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, शेजारच्या बाईनं वळून बघितलं इतकं.

संध्याकाळी हिर्डोशीच्या गाडीत मंगल खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं भाजीची पाटी ठेवली. मी दांडीला धरून उभी राहिले. गाडी घाटाकडं वळेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग तिनं पाटी मांडीवर घेतली.