मंडईतले पाहुणे

दिवाळी संपली की आमच्या केशोरीकडे गावोगाव मंडई भरते. म्हणायला बाजार, पण खरं काम सोयरिकी जुळवायचं. त्या वर्षी मी नागपूरच्या कॉलेजातून सुटीवर आलो होतो आणि पाहुणे येणार होते ते माझ्या थोरल्या भावाला पाहायला. मला शिकता यावं म्हणून त्यानं चौथीनंतर शाळा सोडून नांगर धरला होता. त्याचं लग्न आधीच लांबलेलं. माय सकाळपासून वडे तळत होती आणि माझाच जीव उगाच खालीवर होत होता.

पाहुणे मंडईत सिंगाडे खात हिंडले आणि दिवस कलल्यावर घरी आले. मुलीच्या बापानं भावाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे मात्र पुन्हा पुन्हा. कॉलेजात काय शिकवतात ते विचारलं आणि बाबांना सरळ म्हणाला, "आमाले हा लहानाच द्या. शिकून राहिला, उद्या साहेब होईल."

बाबांच्या चेहऱ्यावर आनंद आणि लाज एकदमच आली. त्या आनंदाचा मला राग आला. भाऊ उठून बैलांना चारा घालायला गेला. चारा मघाशीच घालून झाला होता.

मी घाबरलो. सोयरीक अशी मोडली असती तर भावाला मी कोणत्या तोंडानं सामोरा गेलो असतो? मग सुचेल ते बोलत सुटलो. साहेब कसला, आमच्या पुढचे बी.ए. झालेले नागपुरात रिकामे फिरतात, नोकरी ओळखीनं लागते, मला तर धड शेतीही येत नाही. थापा मारायला म्हणून तोंड उघडलं होतं, पण यातली एकही थाप नाही हे बोलता बोलताच ध्यानात आलं. ही भीती मी खोलीवर रोज उशाशी घेऊन झोपायचो, फक्त कुणापुढे बोललो नव्हतो.

पाहुण्यानं जरा विचार केला. "मंग थोरलाच बरा. त्याच्या हाताले काम तरी हाये," तो म्हणाला. सोयरीक ठरली. मायनं गूळ वाटला.

पाहुणे मंडईतल्या दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ पाहायला गेल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. गोठ्याच्या दारातून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खूश असेल असं मला वाटलं.

"तू आता बोलला ते खरं हाये का?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग मी शाळा कायले सोडलो?"